घटाआधी धुतलेला फोन

मोनिकाला हात रिकामे ठेवता येत नायत, ही तिची खोड. घट बसायच्या आधी घर धुवून काढायचं असतं हे मीच तिला शिकवलं. लगीन होऊन आली तेव्हा तिला साधी गोधडी पिळता येत नव्हती. पण शिकवलेलं माणसानं मनावर घ्यावं तरी किती? गोधड्या धुतल्या, पडदे धुतले, पाट धुतले, जिरं-मोहरी कागदावर ओतून डबे धुतले. माझी औषधाची पिशवी धुतली, आतल्या गोळ्यांसगट. आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं आठवड्यानं, आन् ज्या दिवशी येतं त्या दिवशी ही बाई असं धुणं काढती की गच्चीवर उन्हाला खाली उतरायला जागा सापडत नाय. एवढं सगळं झालं आन् मग तिची नजर माझ्या फोनवर गेली.

फोन तिनं पाण्यात नाय घातला. तेवढी अक्कल हाय तिला, बी.कॉम. झालेली हाय, पतसंस्थेत काउंटरवर बसती. पण पाण्यात घातला असता तर बरं, असा धुतला.

मी शेजारी बसायला गेले होते. परत आले तर ही पदराला हात पुसत दारात उभी.

"आई, तुमचा फोन लई अडकत होता. सारखं 'जागा नाही, जागा नाही' करायचा. आज तर नुसतं कंपनीचं नाव दाखवून गप बसला. मी व्हिडिओ बघून साफ केला. दोन बटणं एकदम दाबून धरायची, झालं."

"साफ केला म्हणजे?"

"सगळं पुसून टाकलं. नव्यासारखा झालाय बघा. चार मिनटात चालू करून देते."

मी चपलांसगट आत घुसले. तोंडानं मात्र एवढंच म्हणलं, "माझी भजनं होती त्यात."

"भजनं काय, परत येतील," ती म्हणली.

भजनं कुणाला पाहिजे होती! त्या फोनमधी काय होतं ते या घरात कुणाला म्हाईत नव्हतं, आन् मी कुणाला कळू देणारही नव्हते.

माझा धाकटा कृष्णा पुण्याच्या पलीकडं, चाकणला कंपनीत हाय. मागच्या वर्षी त्याला लेक झाली. बारसं तिकडंच ठेवलं, हॉल घेऊन. आमच्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे माझी लेक रूपा. मी आमच्या गावाहून, पिशोरहून, रूपाला घेतलं, रात्रभर गहू भिजवून केलेल्या घुगऱ्यांचा डबा मांडीवर घेतला, नाव काय ठेवायचं तेही ठरवून घेतलं, माझ्या सासूचं, सरस्वती. जीप वाघोलीला गाड्यांच्या गर्दीत अडकली ती अडकलीच. फोन केला की कृष्णा म्हणायचा, "या आई, थांबलोय." आम्ही हॉलच्या पायऱ्या चढलो तर माणसं हात धूत होती. जेवणं झालेली. पाळण्यावर फुग्यांनी नाव लिहिलेलं, श्रेया. कानात नाव सांगितलं कुणी? विशाखाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या सुनेच्या, मामेबहिणीनं. का, तर हॉलवाला म्हणला दुसरा कार्यक्रम हाय, आवरा.

हॉलवाल्यासाठी माझी लेक मान सोडून उभी राहिली. मी दारातूनच मागं फिरले. पाणीही घेतलं नाय. घुगऱ्या परतीच्या वाटेला जीपवाल्यानं खाल्ल्या, आन् दोनदा मागून घेतल्या.

तेव्हापासून मी कृष्णाशी बोलत नव्हते. त्याचा फोन आला की मी देव्हाऱ्याकडं वळायची. थोरला सोमनाथ आन् मोनिका पहिल्यांदा समजावायचे, मग त्यांनीही सोडून दिलं. घरात नियमच झाला, आईपुढं कृष्णाचं नाव काढायचं नाय.

आन् बारशाला महिना झाला नसंल, एका दुपारी माझा फोन वाजला. विशाखाकडून फोटो. पोरगी झोपलेली, मूठ गालाखाली. खाली एक अक्षर नाय. विशाखा हुशार हाय. काही लिहिलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, आन् मी दिलं नसतं, मग दुसरा फोटो आला नसता. नुसता फोटो आला. दुसऱ्या दिवशी अजून एक. मग रोजच. पोरगी पालथी पडली, पोरगी बसली, पोरीनं भाताचं ताट डोक्यावर उपडं केलं. मी जेवण झालं की आतल्या खोलीत जायची, कानात फोनची बोंडं घालायची आन् मोनिकाला सांगायची, भजन ऐकते. बोंडातून आवाज काही येत नसायचा. मी बघायची.

शेवटचं आलं ते हलणारं होतं. पोरगी प्लास्टिकच्या खुर्चीला धरून उभी. एक हात सोडला. पडते का राहते बघत होती. तिथंच ते संपलं. आता दुसरा हात सोडणार, एवढंच राहिलं होतं. आन् त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या सुनेनं फोन धुतला.

चार मिनटाचा चहा झाला, स्वयंपाक झाला, सोमनाथ कंपनीतून आला, तरी फोन चालू नाय. पांढऱ्या पडद्यावर 'नमस्कार' यायचं. भाषा विचारायचं, वायफाय विचारायचं. मग एका जागी येऊन रुतायचं. मोनिकानं वाचून दाखवलं. हा फोन पुसला गेलाय, आधी ज्या खात्यावर होता ते खातं आन् त्याचा पासवर्ड टाका, म्हणजे कळंल की फोन तुमचाच हाय.

"म्हणजे माझाच फोन मला विचारतोय, तू कोण?"

"चोरानं चोरून पुसला तर त्याला वापरता येऊ नये म्हणून असतं ते, आई."

"चोरानं नाय, घरच्या सुनेनं पुसलाय, म्हणावं त्याला."

सोमनाथ हसला, मग माझं तोंड बघून आपल्या फोनमधी खातं शोधायला लागला. खात्याचं नाव त्याच्या फोनमधी होतं. पासवर्ड नव्हता.

"खातं काढलं कुणी होतं?" मोनिकानं विचारलं.

सोमनाथनं पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. मी देव्हाऱ्याकडं बघितलं. सगळ्यांनाच म्हाईत होतं. तो फोन कृष्णानं घेऊन दिलेला, पहिल्या पगाराचा, सिल्लोडच्या दुकानातून. मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले होते आन् त्यानं टकाटका करून सगळं जोडून दिलं होतं. खातं माझ्या नावाचं, पण किल्ली त्याच्याकडं. मला काय कळतंय, मला हिरवं बटण उचलायचं आन् लाल ठेवायचं एवढंच पाहिजे होतं.

"भाऊजींना एक फोन लावू का?" मोनिका हळूच म्हणली.

"खबरदार."

मग सोमनाथनं आपलं डोकं लावलं. माझं नाव टाकलं, त्याच्या बापाचं टाकलं, पिशोर टाकलं, पिशोरातल्या आमच्या बैलाचं टाकलं.

"बैलाचं कशाला असंल?" मी म्हणलं.

"कृष्णाचा लाडका होता ना तो."

बैलाचंही नव्हतं. शेवटी फोन म्हणला, लई वेळा चुकलात, आता नंतर बघा. मी तर म्हणते फोन बरा, आमच्यापेक्षा त्याला लवकर थांबायचं कळलं.

तीन-चार दिवस तसेच गेले. फोन कपाटावर पडलेला. दुपारी जेवण झालं की माझा हात आपोआप तिकडं जायचा आन् मग पदर नीट करून परत यायचा. मोनिका म्हणली, "आई, माझ्या फोनवर भजन लावून देऊ?" लावलं. एक म्हातारा बुवा तासभर गात होता. ऐकलं बाई, करते काय!

पण मनात दुसराच किडा वळवळत होता. विशाखा तर फोटो पाठवतच असंल. तिच्याकडं काय दिसत असंल? मोनिकाला मी आडून विचारलं, "समजा एखाद्याचा फोन बंद पडला, तर पाठवणाराला काय दिसतं?"

"एकच टिक दिसते. पोचलं नाही म्हणून."

"आन् कुणी रागानं बंद केलं तर?"

"तरी एकच. का हो?"

"सहज."

म्हणजे त्या पोरीला वाटत असणार, सासूनं हेही दार लावून घेतलं. वर्षभर ती बिचारी एक अक्षर न लिहिता पाठवत राहिली, आन् मी वर्षभर एक अक्षर न लिहिता बघत राहिले. आमच्या दोघींचा एवढाच काय तो धागा. तो आता तुटला असं समजून तिनं पाठवायचं थांबवलं म्हणजे? आन् फोन उद्या चालू झाला तरी मी होऊन तिला काय म्हणणार, फोटो धाड? ते माझ्याच्यानं व्हायचं नव्हतं.

मीच मोनिकाला म्हणलं, "चल, दुकानात दाखवू."

पैठण गेटला मोबाईलची दुकानं ओळीनं. ज्या दुकानात बाईमाणसाला बसायला स्टूल होतं त्यात शिरले. दुकानदार वसीमभाई, मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला भिंग. त्यानं फोन चालू करून बघितला, उलटापालटा केला आन् मला विचारलं, "अम्मा, फोन अपनाच है ना?"

"नाय," मी म्हणलं, "मी ह्या वयात बसस्टँडवर खिसे कापते. ही माझी सून, ही पळायला मदत करती."

वसीमभाई असा हसला की भिंग डोळ्यावरून घसरलं. "गुस्सा नक्को करो अम्मा, पूछना पडता. चाय मंगाऊं?"

चहा आला. मग त्यानं नीट सांगितलं. दोन रस्ते. एक, तो आपल्या यंत्राला जोडून कुलूप तोडून देईल, बिल दाखवलं की झालं. फोन तासात चालू. पण आतलं जुनं काही परत येणार नाय. फोटो नाय, गप्पा नाय, नवा कोरा डबा. दुसरा, जुनं खातं उघडायचं. ते उघडलं की वर ढगात साठवलेलं सगळं आपोआप खाली येईल.

"पण पासवर्ड नाय ना," मोनिका म्हणली.

"पासवर्ड नय तो नय. ये देखो, नीचे निली लकीर." त्यानं 'पासवर्ड विसरलात?' ह्या निळ्या रेघेवर बोट ठेवून मला दाखवलं. "इसकू दबाए तो ये खुद पूछता. खाता जिसके दूसरे फोन पे है, उसके फोन पे जाता, ये तुमीच है क्या बोलके. उसने हां बोला, तो खुल गया."

मोनिका माझ्याकडं बघायला लागली. मी चहाकडं बघायला लागले.

"तोडूनच द्या भाई," मोनिका म्हणली. "तसं पण आईंच्या फोनमध्ये काय होतं? भजनं, आन् ते सकाळचे गुलाबाचे फूलवाले..."

"नको!"

इतक्या जोरात म्हणलं की शेजारच्या दुकानातला माणूस वाकून बघून गेला. मी फोन उचलला, पिशवीत टाकला. "घरी चल. तोडायचं-बिडायचं काही नाय."

"अहो पण आई, मग चालू कसा..."

"माझी भजनं हायेत त्यात."

"अम्मा, भजन तो सब में मिलता," वसीमभाई म्हणला.

"तुमच्यातलं नको मला. माझं मला पाहिजे."

मोनिकानं रिक्षा केली. मधीच एकदा माझ्याकडं बघून म्हणली, "आई, भजनं कोणती होती हो?" मी क्रांती चौकातला पुतळा बघत बसले, जसा काय जन्मात बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं झाली. घट दोन दिवसांवर आलेले, म्हणून मोनिकानं सोमनाथला स्टुलावर चढवून पंख्याच्या पाती पुसायला लावलं होतं. आपण खाली स्टूल धरून उभी. "तिथं राहिलं बघा. डावीकडं. तुमचं नाय, पंख्याचं डावं." आमच्या सोमनाथचं तोंड काळं झालेलं, हात काळे, पण मुकाट पुसत होता. बायकोपुढं बोलायची हिंमत त्याला कधीच नव्हती, बापावर गेलाय.

मी पलंगावर फोन घेऊन बसले. विचार केला. मी कृष्णाला फोन करणार नाय, म्हणजे नाय. ते ठरलेलं. पण एका फोननं दुसऱ्या फोनला काही विचारलं, तर त्यात माझा काय संबंध? मी कुणाच्या दारात गेले नाय. मी कुणाला हाक मारली नाय. मी फक्त एका निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

ठेवलं बोट.

फोन गोल गोल फिरला. मग पडद्यावर एक मोठा आकडा आला. माझी शाळा दुसरीपर्यंतच, अक्षरं मी जोडून जोडून वाचते, पण आकड्याला मला कुणी फसवू शकत नाय. मक्याची पोती मोजून घेतलेली बाई मी. सत्तेचाळीस होते.

सत्तेचाळीस म्हणजे काय, ते काही कळलं नाय. बसले बघत. आन् सोमनाथच्या खिशात फोन वाजला.

त्याचे हात काळे. "मोनिका, काढ गं, उचल." तिनं त्याच्या खिशातून काढला, बघितला, एकदा माझ्याकडं बघितलं, आन् आवाज मोठा करून पंख्याखाली वर धरला.

"दादा!" कृष्णाचा आवाज. वर्षानं सगळ्या खोलीभर. "दादा, आईच्या खात्यात कुणीतरी घुसायला बघतंय. मला आत्ता विचारलं, हे तुम्हीच आहात का म्हणून. आईचा फोन कुठंय? ती बरी आहे ना? चोरीला गेला का? चार दिवस झाले तिच्या फोनवर काही पोचत नाही. हे फसवणूकवाले असतील. थांब, मी 'नाही' दाबतो, खातंच बंद होईल त्यांना..."

सोमनाथला काही उमगंना. तो हातात फडकं घेऊन वर उभा, "अरे, काय... कोण..." करत. मोनिकाला उमगलं होतं, तिनं फोन माझ्याकडं वळवला. मला आतून दिसत होतं, कृष्णाचं बोट त्या 'नाही'वर खाली चाललेलं. ते टेकलं की झालं. मूठ गालाखाली गेली, भाताचं ताट गेलं, खुर्ची गेली.

"दाबू नको!" मी ओरडले. "मेल्या, दाबू नको! मीच हाय!"

खोलीत नुसता पंखा थोडासा हलत होता, पुसताना ढकलला गेलेला.

"आई?"

"मीच हाय म्हणलं ना. चोर नाय, कुणी नाय. मी हाय."

"आई, तू..."

"ते 'हो' दाब आधी. रडतो काय, आवाज असा का येतोय तुझा?"

"नाही रडत. दाबलं. आता आकडा विचारतोय. मला तीन आकडे दिसतात. तुझ्या फोनवर कोणता आहे?"

"सत्तेचाळीस."

तिकडून नुसती टकटक ऐकू आली.

"सत्तेचाळीस! बहिरा झालास का पुण्याला जाऊन?"

"अगं, वेळ गेली. गेला तो आकडा. परत कर."

वर्षभर बोलणं नाय, आन् बोलायची वेळ आली तर दोन आकड्यांना एवढा वेळ! मी परत निळ्या रेघेवर बोट ठेवलं. परत गोल फिरलं.

"आता बासष्ट."

"बासष्ट," तो म्हणला, आन् बासष्ट असं म्हणला जसा लहानपणी पाढा म्हणायचा, शेवटचं अक्षर ओढून. "दाबलं, आई."

माझ्या हातातला फोन थरथरला. पडदा बदलला. मोनिकानं स्टूल सोडलं आन् पळत माझ्यापाशी आली. वर सोमनाथ "अगं, स्टूल! स्टूल!" करत पंख्याला धरून राहिला, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाय. तिनं चार ठिकाणी दाबलं, माझ्या सिमवर आलेला आकडा टाकला, आन् म्हणली, "येतंय, आई. सगळं खाली येतंय."

येत होतं. आधी रिकामे चौकोन, मग एकेक चौकोन भरायला लागला. मूठ गालाखाली. पालथी पोर. भाताचं ताट. मोनिका बघत राहिली. एक नाय, दोन नाय, रोजचा एक, वर्षाचे. तिनं माझ्याकडं बघितलं.

"ही भजनं होय, आई?"

मी पुढचा चौकोन दाबला. उत्तर द्यायचंच कशाला, गोष्ट उघडी पडलेली.

सोमनाथचा फोन अजून चालूच होता, मोनिकाच्या दुसऱ्या हातात. त्यातून कृष्णा म्हणला, "आई, कुंची झाली का गं शिवून?"

आता मात्र मी ताठ बसले. कुंचीचं कुणालाच म्हाईत नव्हतं. मोनिका कामावर गेली की मी माझ्या जुन्या इरकली लुगड्याची कुंची, डोक्यावरनं पाठीवर येणारं टोपडं, शिवायची, पोरीसाठी. शिवून झाली की पोरगी फोटोत मोठी झालेली दिसायची. मग उसवायची, झालर जोडून परत शिवायची. दर वेळी गादीवर पसरून फोनमधी फोटो काढायची. कशाला काढायची ते मलाच म्हाईत नाय, कुणाला धाडायचा तर नव्हताच.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. खातं माझ्याही फोनमध्ये आहे ना. तू फोटो काढलास की मला इथं दिसतो. तीनदा उसवलीस." मग म्हणला, "तुझ्या अंगठ्याचे पण लई फोटो आहेत. आणि छताचे. रोज बघायचो मी. फोटो आला म्हणजे आई बरी आहे एवढं कळायचं. हे चार दिवस काहीच आलं नाही, तर विशाखा आणि मी... आम्ही आज निघणारच होतो तिकडं."

म्हणजे मी इथं खोलीत लपून बघत होते, आन् हा तिथं कंपनीत लपून बघत होता. वर्षभर दोघंही, एकाच खात्यात. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. पण छातीवरचा तो धोंडा, जो मी माझाच समजून घेऊन बसले होते, तो उतरला. श्वास असा खाली पोटापर्यंत गेला. किती दिवसांनी गेला देव जाणे.

"त्या हॉलवाल्याचं नाव काय रे?" मी विचारलं.

"कोणता हॉलवाला?"

"ज्याला घाई होती."

"आई..." कृष्णाचा आवाज पडला. "मी थांबायला पाहिजे होतं. पाळणा रस्त्यावर ठेवला असता तरी थांबायला पाहिजे होतं."

"व्हय. पाहिजे होतं." मी एवढंच म्हणलं. त्याला एवढं पुरलं, मलाही पुरलं. "आज निघू नको. रस्त्यात गर्दी असती. दसऱ्याला ये, दोघींना घेऊन. तुमची गाडी वाघोलीला अडकली तर अडकू दे. संध्याकाळ झाली तरी या घरात कुणी तुमच्याआधी पानावर बसणार नाय. मी बसू देणार नाय."

तेवढ्यात फोन टिणटिण, टिणटिण करायला लागला. चार दिवसांचं अडकलेलं एकदम आलं. विशाखाचे फोटो, आन् पहिल्यांदाच, अक्षरं. मी जोडून वाचलं. 'आई, तुम्ही बऱ्या आहात ना?' त्याच्या खाली ते हलणारं. पोरगी खुर्चीपाशी. दुसरा हात सोडला. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला धप्पकन बसली आन् टाळ्या पिटायला लागली, जसा काय बसण्याचाच पराक्रम केला.

आम्ही ते किती वेळा बघितलं, मोजलं नाय. सोमनाथ आपला आपण खाली उतरला आन् काळे हात मागं धरून मान पुढं करून बघत राहिला. मग मी विशाखाला उत्तर धाडलं. लिहायला येत नाय असं नाय, पण वेळ लागतो. 'बरी हाय' लिहिलं. मग विचार करून अजून एक लिहिलं, 'अजून धाड'.

संध्याकाळी मोनिका दिवा लावायला आली. दिवा लावून झाला तरी जाईना. तिथंच घुटमळली.

"आई, एक विचारू? माझं चुकलं का हो? फोन तुम्हाला न विचारता..."

मी तिच्याकडं नीट बघितलं. पोरगी चांगली हाय, पण लगेच चांगली म्हणलं की तिला डोक्यावर बसायला वेळ लागत नाय. म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "चुकलं! लई चुकलं. विचारल्याबिगर माझ्या वस्तूला हात लावलास, त्याची माफी तुला या जन्मात नाय. शिक्षा ऐक. दसऱ्याच्या पुरणपोळ्या सगळ्या तू एकटीनं लाटायच्या, मी पोळपाटाला हात लावणार नाय. मी ओट्याशी बसून श्रेयाच्या कुंचीला झालर लावणार, आन् पहिली पोळी तव्यावरून उतरली की तिला मी भरवणार, तू नाय. आन् पुढच्या वर्षी घट बसायच्या आधी तुला जे धुवायचं ते धू बाई, फक्त एक दिवस आधी सांग, म्हणजे कृष्णा फोन हातात धरून बसंल."